शेंगेन नावाचं एक गाव आहे

ज्या गावाचं नाव युरोपच्या व्हिसाच्या रूपाने आपल्याकडच्या लाखो पासपोर्टांवर चिकटलेलं आहे, ते गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं पुरतात. त्यातली पाच नदीकडे बघण्यात जातात. लक्झेंबर्गच्या आग्नेय कोपऱ्यात, मोझेल नदीच्या डाव्या काठाला हे शेंगेन. समोरच्या काठावर जर्मनीतलं पर्ल, आणि त्याच काठाने थोडं वरच्या अंगाला गेलं की फ्रान्सची हद्द. गावामागे टेकडी, टेकडीवर द्राक्षं. टेकडी चढून पलीकडे उतरलात तर तिथेही फ्रान्सच, आणि तिथेही द्राक्षंच.

द्राक्षं म्हटली की मी गप्प बसू शकत नाही. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. भावाची थॉमसनची बाग आहे आणि त्याचा माल न्हावा-शेवाहून कंटेनरने रॉटरडॅमला जातो. प्रत्येक कंटेनरमागे कागदांचा गठ्ठा असतो. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा अहवाल. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलाची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे सीसीसी म्हणतात त्याचा, अंश सापडला म्हणून युरोपने नाशिकचा माल अडवला होता. तो हंगाम आमच्या घरात अजून निघतो. जेवताना निघाला तर वहिनी विषय बदलते. पण एरवी द्राक्षं पोचतात. भाऊ मात्र अजून पोचलेला नाही. आपला माल तिकडच्या दुकानात कसा मांडतात ते एकदा बघायचं म्हणून त्याने व्हिसाची तयारी केली, तर हंगाम संपेपर्यंत त्याला अपॉइंटमेंटच मिळाली नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. शेतकऱ्याचं पुढचं वर्ष म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

त्यामुळे शेंगेनला गेले ती मी. भाचा लक्झेंबर्ग शहरात नोकरीला आहे. "आत्या, तिथे बघण्यासारखं काही नाही हं," असं त्याने निघतानाच सांगून ठेवलं होतं. बसला तिकीट नव्हतं. २०२० पासून त्या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा साधा वर्ग सगळं फुकट आहे, परक्यांनासुद्धा. मी तरी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

भाचा म्हणाला ते अर्धं खरं होतं. नदीकाठी एक संग्रहालय, उंच खांबांवर लावलेले पितळी रंगाचे तारे, एकेका देशाचा एकेक, बर्लिनच्या भिंतीचे तुकडे, आणि एक जुनं सहलीचं जहाज. ते जहाज मात्र नीट बघावं असं. नाव 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड'. १४ जून १९८५ रोजी, एका शुक्रवारी, याच जहाजावर पाच देशांच्या प्रतिनिधींनी आपसातल्या हद्दींवरची तपासणी हळूहळू उठवण्याच्या करारावर सह्या केल्या: बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी. युरोपीय समुदायात त्या वेळी दहा देश होते, म्हणजे निम्मेच आले. आणि आले तेही पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्री नव्हेत, खालच्या दर्जाचे मंत्री आणि सचिव. लक्झेंबर्गकडून रॉबर्ट गोबेल्स होते. (हो, आडनाव तेच. माणूस वेगळा.) पुढे जहाज विकलं गेलं, परदेशी फिरत राहिलं, आणि कराराला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०२५ च्या जूनमध्ये, डागडुजी करून परत या काठाला आणून लावलं.

हे सगळं या गावातच का, याचं उत्तर नकाशात आहे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी आपसातली माणसांची तपासणी १९६० च्या करारानेच उठवली होती. १९८४ च्या फेब्रुवारीत ट्रकचालकांनी सीमेवरच्या खोळंब्याला वैतागून फ्रान्समधले रस्ते अडवले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्सचे मित्तराँ आणि जर्मनीचे कोल यांच्या सरकारांनी सारब्रुकेनला आपसातली तपासणी कमी करण्याचा करार केला. आता या दोन गटांना एकत्र आणायचं, तर त्या तीन देशांची शीव जिथे फ्रान्स आणि जर्मनी दोघांनाही लागते अशी जागा हवी. अशी जागा एकच आहे, आणि ती शेंगेनच्या काठाशी पाण्यात आहे.

पाण्यात, हेही शब्दशः. नदी हद्दीवर असली की हद्द पात्राच्या मधोमध धरायची, असं आपण शाळेपासून मानतो. मोझेलचं इथे तसं नाही. १८१६ पासून लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्यामधलं नदीचं सगळं पात्र दोघांच्या सामाईक मालकीचं आहे. मधोमध रेषाच नाही. काठ सोडला की तुम्ही दोन्ही देशांत असता, आणि समोरच्या काठाला लागलात की एकाच. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात गेलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा आख्खी नदी दोघांत सामाईक ठेवून दोनशे वर्षं निभावणं मला त्या करारापेक्षाही मोठं वाटलं. निभावलं असं म्हणताना १० मे १९४० ची पहाट मात्र वगळावी लागते. हल्ला होणार हे लक्झेंबर्गला कळून चुकलं होतं. त्यांच्याकडे सैन्य असं नव्हतंच. त्यांनी पुलांवर काँक्रीटचे ठोकळे आणि लोखंडी दारं बसवली. शेंगेनच्या पुलावरही ती होती. जर्मन फौजा त्या पहाटे आल्या आणि दिवसभरात बहुतेक देश त्यांच्या ताब्यात गेला.

तो पूल आज अगदी साधा आहे. गाड्या जातात, सायकलवर दप्तरं घेतलेली मुलं जातात. पर्लला दोन्ही देशांनी मिळून चालवलेली शाळा आहे, २००७ पासूनची, तिचं नावच शेंगेन-लिझेउम. मी चालत मध्यावर गेले तर फोन वाजला. माझं सिम भारतातलं, त्यामुळे जर्मनीत स्वागत असो, अमुक रुपये मिनिट. मागे फिरले, लक्झेंबर्गमध्ये स्वागत असो. दुपारी टेकडीवर चढलो तेव्हा फ्रान्सनेही स्वागत केलं. तिन्ही देशांतल्या माणसांना २०१७ पासून आपसात रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत. माझ्या फोनला मात्र तिन्ही हद्दी पक्क्या पाठ होत्या. "डेटा बंद कर आत्या," भाचा म्हणाला. केला.

पुलाच्या या बाजूला, गावाच्या मानाने अवाढव्य, पेट्रोल पंपांची रांग आहे. लक्झेंबर्गमध्ये पेट्रोल, सिगारेट आणि कॉफीवर कर कमी. त्यामुळे जर्मन आणि फ्रेंच नंबरप्लेटच्या गाड्या टाकी भरून, डिकीत कॉफीची पाकिटं टाकून परत जातात. तपासणी गेली तरी कर गेले नाहीत, आणि करांच्या फरकावर माणसं किती जागरूक असतात ते बघायचं तर संग्रहालयापेक्षा इथे उभं राहावं. ज्यांनी दमणच्या रस्त्यावरच्या गाड्या पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

वाइनचंही हेच. इथल्या टेकड्यांवर कोणता वेल लावायचा हे माती आणि ऊन ठरवतात असं मला वाटायचं. ठरवतात, पण त्यांच्या आधी जकात नाका ठरवतो.

लक्झेंबर्ग १८४२ पासून जर्मन जकात संघात होतं. म्हणजे इथला माल जर्मनीत विनाजकात जायचा. जर्मन कारखानदारांना फसफसणारी वाइन करायला स्वस्त, आंबट, भरपूर पीक देणारं द्राक्ष हवं होतं, आणि मोझेलकाठच्या शेतकऱ्याकडे ते होतं: एल्बलिंग. वेलाला घड लटलट लागायचे, पिंपं भरून गाड्या पलीकडे जायच्या, त्यांचं पुढे काय होतं याच्याशी इथल्याला घेणं नव्हतं. बाटलीवर नाव दुसऱ्याचंच लागायचं. मग पहिलं महायुद्ध संपलं, लक्झेंबर्ग त्या संघातून बाहेर पडलं आणि १९२१ मध्ये बेल्जियमबरोबर आर्थिक संघ केला. नदीपलीकडचं गिऱ्हाईक एका सहीत गेलं. बेल्जियमच्या माणसाच्या हाताशी फ्रान्सची वाइन होतीच, तो एल्बलिंगच्या पिंपांकडे कशाला बघतो?

त्यानंतरची पंधरा वर्षं मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत ऐकण्यासारखा भाग वाटतो, कारण त्यात कोणी वीरपुरुष नाही. शेतकऱ्यांनी वेल उपटले. १९२१ मध्ये ग्रेवेनमाखरला पहिलं सहकारी वाइनघर निघालं. १९२५ मध्ये सरकारने रेमिखला द्राक्ष-वाइन संस्था काढली. तिने कोणत्या उतारावर काय लावा, छाटणी कशी करा, पिंप कसं धुवा इथपासून शिकवलं. १९३५ मध्ये 'मार्क नासिओनाल' नावाचा सरकारी शिक्का आला. वाइन चाखून, तपासून, पास झाली तरच बाटलीवर तो लागणार. एल्बलिंगच्या जागी रिस्लिंग, ऑसेरुआ, पिनो ग्री, पिनो ब्लाँ आणि रिव्हानर आले. आज एल्बलिंग तिथल्या एकूण लागवडीत शेकडा दहाच्याही खाली आहे. गिऱ्हाईक पूर्वीसारखंच राहिलं असतं तर हे वेल आजही डुलत असते, आणि शेंगेनला कोणी वाइन चाखायला आलं नसतं.

चाखायला आम्ही एका घरी गेलो. घर, दुकान, तळघर सगळं एकच. पंचाहत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, मुलगा आणि सून बागेत होते, कारण सप्टेंबर, तोडणी जोरात. त्यांना इंग्रजी बेताचं, भाच्याचं जर्मन कामापुरतं. पण भाच्याने "आत्याच्या घरी द्राक्षबाग आहे" एवढं सांगितलं आणि त्यांनी ग्लास खाली ठेवून मला आधी बागेतच नेलं. जगभर शेतकरी असाच असतो, पाहुण्याला चहाआधी शेत दाखवतो.

उतार असा की खाली बघताना पायाची बोटं बुटात रुतावीत. माती राखाडी-करडी, चुन्याची चिकणमाती, वाळली की ढेकळांचे पापुद्रे सुटतात. तिथून उत्तरेला, ग्रेवेनमाखरकडे, हीच टेकडी शिंपल्यांच्या चुनखडीची होते आणि उतार आणखी तीव्र होतात. शेंगेनच्या बाजूला त्या मानाने गोलसर, मऊ टेकड्या. वाइनही तशीच मऊ, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. चव घेतल्यावरही मला एवढं कळलं असतं का, देव जाणे.

आमच्याकडे वेल मांडवावर किंवा वाय आकारावर असतो, घड डोक्याशी लोंबतात. इथे वेल तारांवर भिंतीसारखा उभा, कमरेच्या उंचीला घड, आणि घड म्हणजे मुठीएवढे. मणी वाटाण्यापेक्षा जरा मोठे. भावाने बघितले असते तर म्हणाला असता, याला जिब्रेलिक दिलंच नाही का रे? आपण मणी फुगवायला घड बुडवतो, हे मणी लहान राहावेत म्हणून झटतात, कारण रंग आणि वास सालीत असतो आणि मणी लहान तर साल जास्त. एका वेलाला किती घड ठेवायचे यावर कायद्याची नजर. हेक्टरी उत्पादनाला मर्यादा आहे. मी एक मणी तोंडात टाकला. गोड, आमच्या द्राक्षांहून कितीतरी गोड, आणि दातांखाली बिया. त्यांनी खिशातून दुर्बिणीसारखी नळी काढली, मणी चिरडून रसाचा थेंब काचेवर सोडला आणि उन्हाकडे धरून मला बघायला दिलं. ते उपकरण मी ओळखलं. भावाच्या खिशातही तेच असतं. आम्ही ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, वाचतो, ते दुसऱ्या मापात वाचतात, पण आतली निळी-पांढरी रेघ तीच.

छाटणीवर मात्र आमचं गाडं अडलं. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे भाच्याने सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं तो चुकीचं बोलतोय. पुन्हा विचारलं. मी बोटांनी दोन दाखवले. त्यांचा वेल हिवाळ्यात झोपतो, पानं गळून काडी उरते, आणि त्या थंडीत एकदाच छाटायचं. आमचा वेल कधी झोपतच नाही हे ऐकून त्यांनी त्या वेलाची कीव केल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला आधी भावाची कीव आली.

थंडीचं त्यांचंही दुखणं आहेच. २०२४ च्या एप्रिलअखेर, वेल फुटल्यावर, कडाक्याची थंडी पडली आणि कोवळे फुटवे एका रात्रीत काळे पडले. आपल्याकडे अवकाळीने घड तडकतात, तसंच. पीकविम्याबद्दल मी विचारलं. त्यांनी जो चेहरा केला तो भाषांतराला पडला नाही.

मग परत येऊन चाखलं. ऑसेरुआ हे द्राक्ष मूळचं पलीकडच्या, फ्रान्समधल्या लोरेनचं, आता या काठावर जास्त जीव धरलेलं. पिवळसर, नाशपातीसारखा वास, आंबटपणा बेताचा. मग क्रेमाँ, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, निदान नऊ महिने गाळावर ठेवलेली फसफसणारी वाइन. क्रेमाँ द लक्झेंबर्ग हे नाव १९९१ पासूनचं. ज्या फसफसणाऱ्या वाइनसाठी पूर्वी आजोबा-पणजोबांनी पलीकडे नुसता कच्चा माल दिला, ती आता नातवंडं स्वतःच्या नावाने विकतात. शेवटी त्यांनी एक एल्बलिंगही उघडली, हसत हसत. लिंबू चोखल्यासारखी. भाच्याला आवडली नाही, मला आवडली. मासळीबरोबर छान जाईल म्हटलं, तर ते म्हणाले, तीच पद्धत आहे, मोझेलकाठी बारीक मासे तळून अख्खे खातात आणि त्याबरोबर ही.

समोरच्या काठावरची, पर्लची द्राक्षंही त्याच मातीत, त्याच उन्हात वाढतात. पण तिथे कायदा जर्मन. टेकडीपलीकडे फ्रान्सचा. तिथल्या मोझेल वाइनला २०११ मध्ये मानाचा दर्जा मिळाला. एकाच नदीचं नाव तीन लेबलांवर, तीन वेगळ्या नियमांनी. माणसांची हद्द उठली, बाटलीची उठली नाही, आणि त्यांच्या मते उठूही नये. "मग आमच्या बाटलीत काय वेगळं उरलं?" असं काहीसं ते म्हणाले.

माणसांची उठली, यावरही ते फारसे गहिवरले नाहीत. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, जर्मनीने हाच पूल बंद केला होता, मे महिन्यापर्यंत. पलीकडच्या काठावर राहणारे नातेवाईक, शाळेतली मुलं, नर्सा, सगळ्यांना लांबचा वळसा. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर पुन्हा तपासणी सुरू केली. जवळच्या महामार्गावर, पर्लच्या बाजूला, पोलीस गाड्या बाजूला घेतात. लक्झेंबर्गमध्ये कामाला रोज शेजारच्या तीन देशांतून दोन लाखांहून जास्त माणसं येतात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा या खोळंब्याचा हिशोब कोणालाही मांडता येईल. लक्झेंबर्गच्या सरकारने रीतसर हरकतही घेतली.

मी त्यांना आमच्या बाजूचं सांगितलं. २०२४ मध्ये भारतातून या व्हिसासाठी अकरा लाखांवर अर्ज गेले आणि त्यातले दीड लाखांहून जास्त फेटाळले गेले. त्याच वर्षी नियम सैल होऊन आधी दोनदा व्हिसा मिळालेल्यांना दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा मिळू लागला. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या माझ्या भावाला त्याचा उपयोग नाही. तीन महिन्यांची बँकेची पानं, विमा, परतीचं तिकीट, आणि शेतकऱ्याने उत्पन्नाचा पुरावा म्हणून काय जोडायचं यावर एजंटाशी वाद. या गावाच्या पुलावर जो पहारेकरी उभा होता तो घरी गेला असं संग्रहालयात लिहिलंय. मला तर तो मुंबईला बदली होऊन आलेला दिसतो. हे भाच्याने कसं भाषांतर केलं माहीत नाही, पण ते मोठ्याने हसले.

मग त्यांनी तोडणीच्या माणसांचं काढलं. यंत्राने तोडणी या उतारावर जमत नाही, आणि क्रेमाँसाठी तर हातानेच तोडावी लागते. त्यांच्याकडे रोमानियातून एक टोळी येते, वर्षानुवर्षं तीच माणसं, एका व्हॅनमधून. पूर्वी हंगेरीत शिरताना त्यांची व्हॅन तासन् तास रांगेत उभी असायची. १ जानेवारी २०२५ पासून रोमानियाही पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातली तपासणी उठवलेल्या देशांत आला, तेव्हा ती रांग संपली. आता वाटेत त्यांना एकाच ठिकाणी थांबवतात, ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना. या खेपेला तिथे डिकी उघडून बघितली म्हणे, आत कात्र्या आणि लोणच्याच्या बरण्या.

"तुमच्याकडे तोडणीला माणसं कुठून येतात?" त्यांनी विचारलं.

"पेठ-सुरगाण्याहून," मी म्हटलं. "जीप भरून."

"वाटेत अडवतात?"

"अडवतात कधी कधी. जीपमध्ये किती कोंबलेत ते मोजायला."

हे त्यांना पटलं. तेवढ्यात मुलगा ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला, क्रेट उतरवायला लागला, आणि बोलणं मजुरीवर गेलं. तिकडचा ताशी दर त्यांनी सांगितला आणि इकडचा विचारला. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग, आमच्याकडे रोजावर नसतं, एकरावर उक्तं असतं. ते खोटं नव्हतं.